दुसऱ्या पारड्यात काय?

नोव्हेंबर २००६ ते नोव्हेंबर २००८ या दोन वर्षांत १९ देशांतल्या १३५ केंद्रांतून ७६२ स्त्रिया एका चाचणीत दाखल झाल्या. सगळ्यांचा स्तनाचा कर्करोग परतलेला किंवा शरीरात इतरत्र पसरलेला होता आणि प्रत्येकीला आधी दोन ते पाच प्रकारची केमोथेरपी देऊन झाली होती. कोणाच्याही पसंतीला वाव राहणार नाही अशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले गेले. ५०८ जणींच्या वाट्याला एरिब्युलिन हे नवे औषध आले. उरलेल्या २५४ जणींना काय द्यायचे? चाचणीच्या आराखड्यात त्या जागी एकाही औषधाचे नाव नव्हते. तिथे म्हटले होते, डॉक्टरांना योग्य वाटेल ते.

एम्ब्रेस नावाच्या या चाचणीची फार चर्चा झाली ती तिच्या निकालामुळे. पण श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय तिचा हा दुसरा गट आहे. ज्या आजाराने जगात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया दगावल्या, त्याच्या शेवटच्या टप्प्यावर कोणते औषध द्यावे याचे सर्वमान्य उत्तर २००६ साली डॉक्टरांपाशी नव्हते. एक जण व्हिनोरेल्बिन देई, दुसरा जेमसिटाबिन, तिसरा कॅपेसिटाबिन. तिघेही अनुभवाच्या बळावर देत आणि तिघांचेही काही प्रमाणात बरोबर असे. नवे औषध 'चांगले' आहे असे कोणी म्हणाले, तर दुसऱ्या पारड्यात काय ठेवले होते हे विचारल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा बराचसा याच पारड्याचा इतिहास आहे.

ओपीडीत ज्याला 'लाइन' म्हणतात ती काय असते, हे आधी पाहू. पहिली लाइन झाली, दुसरी लागू पडेना, आता तिसरी, अशी भाषा नातेवाइकांच्याही तोंडी बसलेली असते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींमध्ये आधी संप्रेरकविरोधी गोळ्या वापरतात, केमो त्यानंतर येतो. केमोची वेळ आली की दोन घराणी पुढे असतात. एक अँथ्रासायक्लिनचे. त्यातले डॉक्सोरुबिसिन लालभडक असते, म्हणून रुग्ण त्याला लाल केमोच म्हणतात. दुसरे टॅक्सेनचे, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल. अनेक स्त्रियांना ही दोन्ही औषधे शस्त्रक्रियेच्या वेळीच मिळालेली असतात. वर्षा-दोन वर्षांनी आजार यकृतात, फुप्फुसात किंवा हाडांत दिसतो, तेव्हा तीच पुन्हा द्यावीत तर अडचणी उभ्या राहतात. डॉक्सोरुबिसिनच्या एकूण मात्रेला आयुष्यभराची मर्यादा आहे, कारण ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. टॅक्सेनने हातापायांच्या नसा बधिर होतात. ब्लाउजचा हूक लावता येत नाही, पायातली चप्पल सुटली तरी कळत नाही. शिवाय पहिल्या माऱ्यातून वाचलेल्या पेशींत औषध बाहेर फेकून देणाऱ्या पेशीच जास्त उरलेल्या असतात.

मग औषध बदलायचे की मात्रा वाढवायची? १९८० च्या दशकात अमेरिकेने दुसरा मार्ग धरला.

कल्पना तर्काला पटणारी होती. मात्रा वाढवली तर जास्त पेशी मरतात, आड येते ती फक्त अस्थिमज्जा. तेव्हा रुग्णाचीच मज्जा आधी काढून गोठवून ठेवायची, मग एरवी जीवघेणा ठरेल एवढा केमो द्यायचा आणि मज्जा परत शरीरात सोडायची. सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे आले. पण या उपचारासाठी निवडलेल्या स्त्रिया तरुण होत्या, त्यांचे हृदय आणि मूत्रपिंड धडधाकट होते आणि साध्या केमोला त्यांचा आजार आधीच दबलेला होता. अशा स्त्रिया साध्या उपचारावरही इतरांपेक्षा जास्त जगतात. दुसरे पारडे रिकामे होते आणि ते रिकामे आहे हे मोजक्या लोकांनाच खटकत होते.

विमा कंपन्यांनी हा प्रयोग आहे म्हणून पैसे नाकारले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. कॅलिफोर्नियात १९९३ च्या डिसेंबरात एका मृत रुग्णाच्या कुटुंबाला ज्यूरीने ८ कोटी ९० लाख डॉलर देवविले. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी हात टेकले. गंमत अशी की उपचार सहज मिळू लागल्यावर तुलनात्मक चाचण्यांना रुग्णच मिळेनात. जे हमखास मिळते आहे ते सोडून निम्म्या शक्यतेने कोण समाधानी होणार? हजारो स्त्रिया या दिव्यातून गेल्या. काही उपचारानेच दगावल्या.

या उपचाराच्या बाजूने बोलणारी तुलनात्मक चाचणी होती ती जोहान्सबर्गची, वर्नर बेझवोडा यांची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात ९० स्त्रियांमध्ये मोठ्या मात्रेचा फायदा ठळक दिसत होता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत पाच चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले गेले. चारांत फायदा नाही, पाचव्यात भरघोस. पाचवी बेझवोडांचीच, त्यांची दुसरी. अमेरिकेतले तज्ज्ञ कागदपत्रे तपासायला जोहान्सबर्गला गेले आणि नोंदींचा मेळच बसेना. बेझवोडांनी विद्यापीठापुढे चुकीची माहिती दिल्याचे मान्य केले. १९९५ चा लेखही पुढे मागे घेतला गेला. एप्रिल २००० मध्ये फिलाडेल्फियाहून संयोजित झालेल्या चाचणीचा निकाल छापून आला. साध्या केमोला प्रतिसाद दिलेल्या १९९ स्त्रियांपैकी मज्जारोपणाच्या गटात तीन वर्षांनंतर ३२ टक्के हयात होत्या, साध्या केमोच्या गटात ३८ टक्के. हा फरक योगायोगाच्या कक्षेत बसणारा होता, म्हणजे साधा केमो सरस ठरला असे नाही. पण जास्त मारा म्हणजे जास्त आयुष्य ही समजूत मात्र संपली.

तीन वर्षांनी आणखी एक समजूत डळमळली. दोन औषधे एकत्र दिली तर एकापाठोपाठ एक देण्यापेक्षा बरे, असे मानले जाई. जॉर्ज स्लेज आणि सहकाऱ्यांनी ७३९ स्त्रियांमध्ये डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल आणि दोन्ही एकत्र अशी तुलना केली. एकत्र दिल्यावर गाठी जास्त जणींत आकसल्या, पण आयुष्य वाढले नाही. आज एका वेळी एकच औषध वापरण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, तिच्यामागे या निकालाचा मोठा हात आहे. स्कॅनवर गाठ लहान होणे आणि माणूस जास्त जगणे या दोन गोष्टी बरोबरच घडतील असे नाही. रिपोर्ट हातात धरून बसलेल्या नातेवाइकाला हे सांगणे फार कठीण जाते.

आता एरिब्युलिनकडे. त्याची कथा समुद्रात सुरू होते आणि ती रेंगाळून ऐकण्यासारखी आहे.

टोकियोच्या दक्षिणेला मिउरा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई नावाचा काळा समुद्रस्पंज सापडतो. योशिमासा हिराता आणि दायसुके उएमुरा यांनी ६०० किलो स्पंज पिळून त्यातून हॅलिकॉन्ड्रिन-बी नावाचा पदार्थ वेगळा केला. भरला १२.५ मिलिग्रॅम. १९८६ साली त्यांनी जाहीर केले की कर्करोगाच्या पेशींवर हा पदार्थ अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही घातक ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेला तो हवासा झाला, पण माणसांवरच्या चाचण्या पार पाडायला काही ग्रॅम तरी लागणार होते. न्यूझीलंडच्या कैकोरा किनाऱ्याजवळ खोल पाण्यात दुसऱ्या जातीचा स्पंज मिळाला, तिथून एक टन उपसला, तेव्हा हाती आले सुमारे ३०० मिलिग्रॅम. एका औषधासाठी समुद्राचा तळ खरवडून काढावा लागला असता.

वाट काढली ती रसायनशास्त्राने. नागोयात जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये शिकवणारे योशितो किशी यांनी १९९२ साली हॅलिकॉन्ड्रिन-बी प्रयोगशाळेत पहिल्या अणूपासून शेवटच्या अणूपर्यंत घडवला. त्या खटाटोपात हाती आलेले मधले तुकडे एइसाई या जपानी कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. भल्या थोरल्या रेणूचा उजवा अर्धा भागच सगळे काम करत होता. त्या अर्ध्यात फेरफार करत एरिब्युलिन बनले. ते अर्धेदेखील सोपे नाही. औषध म्हणून ते बनवायला रासायनिक प्रक्रियेच्या ६२ पायऱ्या लागतात. स्पंज मात्र एकही लागत नाही.

पेशी दुभंगताना तिच्या आत नाजूक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. या नळ्या सतत वाढतात आणि आखडतात. टॅक्सेन त्यांना ताठ करून टाकते, त्या आखडूच शकत नाहीत. एरिब्युलिन नळीच्या वाढत्या टोकाशी जाऊन बसते आणि तिची वाढ रोखते. निशाण एकच असले तरी घाव वेगळ्या जागी पडतो, म्हणून टॅक्सेनला दाद न देणाऱ्या गाठींपैकी काही एरिब्युलिनला दाद देतात.

एम्ब्रेसचा निकाल २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एरिब्युलिनच्या गटात निम्म्या स्त्रिया १३.१ महिन्यांपलीकडे जगल्या, डॉक्टरांच्या पसंतीच्या गटात हा आकडा १०.६ महिने होता. अमेरिकेने औषधाला त्याआधीच, नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी दिली होती. इतके उपचार होऊन गेलेल्या स्त्रियांत केवळ एका केमो औषधाने आयुष्य वाढवल्याचे सिद्ध होणे ही तेव्हा दुर्मीळ बाब होती.

अडीच महिने. सभागृहात बसून ऐकताना हा आकडा किरकोळ वाटतो. पण ही मधली संख्या आहे. काही जणींना त्या अडीच महिन्यांतले काहीच मिळाले नाही, काहींना वर्षभर मिळाले आणि कोणाला काय मिळणार हे आधी सांगता येत नाही. त्याच्या मोबदल्यात पांढऱ्या पेशींचे काउंट्स खाली येतात, थकवा असतो, केस जातात, मुंग्या वाढतात. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने कोणते औषध द्यायचे हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ साली एरिब्युलिनला नकार दिला. एवढ्या फायद्यासाठी एवढी किंमत परवडत नाही, असा तिचा हिशेब होता. २०१६ च्या डिसेंबरात, कंपनीने सवलत दिल्यानंतर, तिने होकार दिला. औषध तेच होते, चार वर्षांत बदलली होती किंमत. अशा उघड हिशेबाला कोणी निर्दय म्हणेल. पण हिशेब आपल्याकडेही होतोच. तो घरात, रात्री, दागिने मोडायचे की शेताचा तुकडा विकायचा या शब्दांत होतो, आणि त्यात फायद्याचा आकडा बहुधा कोणी सांगितलेलाच नसतो. उघड हिशेब त्यापेक्षा बरा.

हेच एरिब्युलिन थोडे आधीच्या टप्प्यावर, ११०२ स्त्रियांमध्ये, कॅपेसिटाबिनशी थेट भिडले तेव्हा काय झाले? १५.९ महिने विरुद्ध १४.५. फरक सिद्ध झाला नाही. दुसऱ्या पारड्यात नाव-गाव असलेले भरवशाचे औषध ठेवले आणि काटा जवळपास मध्यावर थांबला. कॅपेसिटाबिन ही गोळी आहे. दोन आठवडे घ्यायची, एक आठवडा सुटी. तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात, पण गोळी घरी घेता येते. एरिब्युलिनचे इंजेक्शन शिरेतून जेमतेम दोन ते पाच मिनिटांत देऊन होते, मात्र त्यासाठी दर तीन आठवड्यांतून दोनदा रुग्णालय गाठावे लागते. परळला राहणाऱ्या बाईला याचे काही वाटणार नाही. यवतमाळहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करणाऱ्या बाईला ते आणि सोबतीला आलेल्या तिच्या माणसाची बुडालेली मजुरीही मोजावी लागते. चाचण्यांच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

परळवरून टाटा रुग्णालयाचा विषय निघणारच. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरच्या या रुग्णालयात झालेल्या एका चाचणीने जगभरच्या शल्यविशारदांना थांबून विचार करायला लावले. ज्या स्त्रियांचा आजार पहिल्याच भेटीत शरीरभर पसरलेला आढळतो, त्यांना केमोने आराम पडला की नातेवाईक हमखास म्हणतात, 'डॉक्टर, आता मूळ गाठ काढून टाका.' ही मागणी अडाणीपणाची नव्हे. अमेरिकेत सीमा खान आणि सहकाऱ्यांनी २००२ साली १६ हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून दाखवले होते की मूळ गाठ काढलेल्या स्त्रिया जास्त जगल्या. पण ऑपरेशनसाठी निवडल्या गेलेल्या स्त्रिया मुळातच बऱ्या प्रकृतीच्या असणार. मज्जारोपणाच्या वेळी फसवणारे कोडे ते हेच.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांना चाचणीत घेतले. सगळ्यांना केमोचा गुण आलेला होता. १७३ जणींची मूळ गाठ शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनी हटवली, १७७ जणींची तशीच ठेवली. २०१५ मध्ये निकाल छापला गेला. शस्त्रक्रियेच्या गटात मधले आयुर्मान १९.२ महिने, दुसऱ्या गटात २०.५. छातीवरचा आजार शस्त्रक्रियेने आटोक्यात राहिला, हे खरे, पण दूरच्या अवयवांतला उलट लवकर वाढला. चाचणीवर एक रास्त आक्षेप घेतला गेला. हर-टू नावाचे प्रथिन जास्त असलेल्या बहुतेक स्त्रियांना त्यावरचे महागडे ट्रास्टुझुमॅब मिळाले नव्हते. तुर्कस्तानातल्या एका चाचणीने पाच वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला, पण तिथे शस्त्रक्रिया सुरुवातीलाच होती आणि दोन्ही गट पुरेसे समतोल नव्हते. पुढे खुद्द सीमा खान यांनी अमेरिकेत तुलनात्मक चाचणी घेतली. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत सुमारे ६८ टक्के हयात होत्या. स्वतःच्या जुन्या निष्कर्षाला स्वतःच कसोटीला लावणारे संशोधक फार नसतात. गाठ फुटून रक्त येत असेल, जखमेला वास येत असेल तर ती काढावीच लागते. आयुष्य वाढेल या आशेने सरसकट काढण्याला मात्र आधार उरला नाही. या निकालाने कोणतेही नवे औषध दिले नाही. कितीतरी स्त्रियांचे एक मोठे ऑपरेशन तेवढे वाचवले.

औषधांच्या बाजूला मात्र मोठी बातमी आली. ५ जून २०२२ रोजी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या त्याच वार्षिक परिषदेत, शिकागोला, डॉ. शानू मोदी यांनी निकाल मांडले, तेव्हा सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. औषध होते ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान. हे जोडऔषध आहे. हर-टू ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या अंगावर केमोचे रेणू चिकटवलेले असतात. प्रतिपिंड पेशीला जाऊन बिलगते, आत ओढले जाते आणि केमो तिथे सुटतो, शेजारच्या पेशींपर्यंतही झिरपतो. पूर्वी हर-टू भरपूर असेल तरच अशा औषधांचा विचार होई. मोदींच्या चाचणीत ज्यांच्या गाठीत ते थोडेच होते अशा, एक-दोन केमो होऊन गेलेल्या ५५७ स्त्रिया होत्या. मधले आयुर्मान २३.४ महिने विरुद्ध १६.८. साडेसहा महिन्यांहून जास्त. मोबदला इथेही आहेच. दर शंभरात बारा जणींच्या फुप्फुसांना सूज आली आणि हे औषध मिळालेल्या सगळ्या गटात मिळून तिघी त्यातून वाचल्या नाहीत. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढच्या सायकलची वाट न पाहता कळवा, असे या औषधाच्या रुग्णांना बजावले जाते ते यामुळे.

या चाचणीत दुसऱ्या पारड्यात काय होते? पुन्हा, डॉक्टरांची पसंती. मात्र यावेळी निम्म्याहून अधिक डॉक्टरांची पसंती एरिब्युलिन होती. वर्षभर आधी, संप्रेरके आणि हर-टू या दोन्हींच्या खुणा नसलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकानने ६.७ महिन्यांचे १२.१ महिने केले, तेव्हाही समोरच्या गटात सर्वाधिक वापरले गेले ते एरिब्युलिनच. दहा-बारा वर्षांपूर्वी जे औषध अनाम गर्दीशी झुंजून वर आले, तेच आता नव्यांना हरवायचे माप झाले. हे त्याच्या कर्तबगारीचे उतरणे नव्हे. माप पक्के नसते तर नव्या औषधांचे सहा महिने किती खरे, हे कोणाला कळले असते?

भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. नवी जोडऔषधे इथे मिळतात, पण बहुसंख्य घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यामुळे व्हिनोरेल्बिन, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिन ही जुनी मंडळी अजून रोजच्या कामाला आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांतले कोणते द्यायचे हे आधी काय दिले, मुंग्या किती आहेत, यकृत कसे आहे आणि बाईला घरी किती दिवस राहायचे आहे यावर ठरते. वेदनाशमनाचे आणि आधाराचे उपचार केमो थांबल्यावर नव्हे, केमो चालू असतानाच सुरू करायचे असतात. आपल्याकडे ते नाव ऐकताच 'म्हणजे आता काही उरले नाही का?' असा प्रश्न येतो, आणि मॉर्फिनची गोळी महिना-दोन महिने उशिरा सुरू होते.

नव्या औषधांनी जुना प्रश्न मिटवलेला नाही, तो पुढे सरकवला आहे. एक जोडऔषध निष्प्रभ झाल्यावर दुसरे द्यावे का, की मध्ये साधा केमो घालावा, यावर आज २००६ सारखीच स्थिती आहे. ज्याला जे योग्य वाटते ते तो देतो. दरम्यान, गाठीचा स्वभाव वाटेत पालटतो. पहिल्या बायोप्सीत हर-टू शून्य असलेली गाठ यकृतात गेल्यावर थोडे हर-टू दाखवू शकते, आणि तेवढ्यावर उपचाराची एक वेगळी वाट खुली होते. म्हणून शक्य तिथे नव्या जागेची बायोप्सी करावी लागते. ती शक्य नसेल तर पाच-सात वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा मेणातला ब्लॉक शोधून पुन्हा तपासता येतो. ऑपरेशन झाले त्या गावच्या प्रयोगशाळेत तपासणीची पावती दाखवून तो मागता येतो, आणि ती पावती फाइलमध्ये जपून ठेवणे कोणत्याही लाइनमध्ये उपयोगी पडते.